खेळाडूंचे पैसे कमी केले, तर उरलेले कुणाच्या खिशात?

डिसेंबर २०२३मध्ये बेसबॉलपटू शोहेई ओहतानीच्या कराराचा आकडा आला, १० वर्षांचे ७० कोटी डॉलर, तेव्हा मीही कपाळावर हात मारला होता. चेंडू फेकायचे आणि टोलवायचे एवढे पैसे? (पठ्ठ्या दोन्ही करतो, हे मान्य.) मग ओघाने तेच नेहमीचं: डॉक्टरांना काय मिळतं, शिक्षकांना काय मिळतं आणि यांना बघा!

ऐकायला बिनतोड वाटतं. पण खेळाडूला कमी दिले तर उरलेले पैसे जातील कुठे? शिक्षकाच्या पगारात तर नक्कीच नाही.

हा प्रयोग इंग्लंडमध्ये करून झालाय. तिथे १९६१पर्यंत फुटबॉलपटूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. १९४८-४९च्या हंगामात लीगच्या सामन्यांना ४ कोटींहून जास्त प्रेक्षक आले आणि खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त १२ पौंड! मैदानं तुडुंब, गल्ला क्लबांचा. मर्यादा सरकत सरकत २० पौंडांवर आली. जिमी हिल यांच्या खेळाडू संघटनेने संपाचं हत्यार उपसलं, तेव्हा कुठे ती उठली. पाठोपाठ फुलम क्लबच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळायला लागले. म्हणजे पैसे होतेच की, फक्त खेळणाऱ्यापर्यंत पोचत नव्हते.

बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोसमनची गोष्ट तर मला जास्तच लागते. १९९०मध्ये त्याचा करार संपला, तरी क्लब पैसे मिळाल्याशिवाय दुसरीकडे जाऊ देईना. तो कोर्टात गेला. १९९५मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आज करार संपला की युरोपातले फुटबॉलपटू बिनदिक्कत क्लब बदलतात, वर घसघशीत रक्कम मागतात, ती या माणसाच्या जिवावर. त्याची स्वतःची उमेदीची वर्षं मात्र खटल्यात गेली आणि पुढे पैशांची ओढाताणच वाट्याला आली.

माझी तक्रार वरच्या आकड्यांबद्दल नाहीच, खालच्यांबद्दल आहे. जगात २५०वा असलेला टेनिसपटू घ्या. प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक, सगळं पदरचं. पहिल्या फेरीत हरला की खर्चही निघणं मुश्कील. जगातला २५०वा सर्जन असा दिवस काढतोय, अशी कल्पना तरी करवते का? बायकांचं तर विचारूच नका. अमेरिकन ओपनने १९७३मध्ये स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. विम्बल्डनला तेवढंच करायला २००७ उजाडलं.

आणि खरंच चिडायचं असेल तर स्टेडियमांवर चिडा. अमेरिकेत कित्येक शहरांनी करदात्यांच्या पैशांतून अब्जाधीश मालकांच्या संघांना स्टेडियम बांधून दिली. ओहतानीला पाहायचं नसेल तर मी टीव्ही बंद करू शकतो. तिथल्या करदात्याला ती सोय नाही.