प्लेटचं बटण बाजूला सरकवलं की पॉवर कमी होत नाही, ट्यूब भाजते

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मामा, जाळीतून बघतेय तर ट्यूब आतून लाल दिसतेय, चालतं ना असं?" आधी तिला रेडिओ सेट बंद करायला लावला, मग विचारलं काय केलंस. तिला नुकताच हॅम म्हणजे हौशी रेडिओचा रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना मिळालाय, मर्यादा ५० वॅटची. टेबलावर एका ज्येष्ठ हॅमनं दिलेला केनवूडचा टीएस-५२०, जुना ट्यूबवाला सेट, जो नीट ट्यून केला तर १०० वॅटच्या आसपास सहज देतो. पॉवर खाली कशी आणायची, हे ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधून शिकली होती. तोच मेसेज मला आणखी चार जणांनी पाठवलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मेसेजचं म्हणणं असं: जुन्या ट्यूबच्या सेटना पॉवरचं बटण नसतं, म्हणून एक, प्लेटचं बटण डिपपासून बाजूला सरकवा. दोन, दोनपैकी एक फायनल ट्यूब (अँटेनाला पॉवर देणारी शेवटची ट्यूब) काढून ठेवा. तीन, डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मेन्स १८० व्होल्टवर आणा. चार, माइक गेन (माइकच्या आवाजाची पातळी) कमी करा. पाच, मागच्या एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) सॉकेटला ९ व्होल्टची बॅटरी जोडा. आणि शेवटी, "शंभर टक्के सेफ, ट्यूबचं आयुष्य वाढतं."

पहिल्याच मुद्द्यानं भाचीची ट्यूब लाल झाली, म्हणून सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. प्लेटचं बटण फिरवून आपण फायनलचं सर्किट त्या फ्रीक्वेन्सीला जुळवतो. जुळलं की प्लेट करंट खाली येतो, तो डिप, आणि तिथेच अँटेनाकडे सर्वात जास्त वॅट जातात. तिथून बटण हलवलं की वॅटमीटरचा काटा पडतो, हे खरं. पण ट्यूबमध्ये जाणारा करंट कमी होत नाही, उलट वाढतो. बाहेर न पडलेले वॅट जातात कुठे? ट्यूबमधल्या प्लेट नावाच्या धातूच्या पत्र्यातच, उष्णता होऊन.

हिशेब मांडून बघा. प्लेटवर सुमारे ८०० व्होल्ट आणि दोन्ही ट्यूबचा मिळून करंट २०० मिलिअ‍ॅम्प धरला तर आत १६० वॅट जातात. नीट ट्यून केलेल्या सेटमधून १०० बाहेर पडले तर उरतात ६०, म्हणजे ट्यूबमागे ३०. आता हीच पॉवर प्लेटचं बटण हलवून ४५ वर आणली, तर करंट वाढला नाही असं धरलं तरी आत ११५ वॅट उरतात, ट्यूबमागे ५७ च्या वर. या सेटमध्ये एस२००१ए ट्यूब असतात, ज्या ६१४६बीच्या जागी चालतात. आरसीए या ट्यूब बनवणाऱ्या कंपनीच्या ६१४६बीच्या डेटाशीटमध्ये प्लेटची मर्यादा ३५ वॅट दिली आहे, आणि तीही मधूनमधून चालणाऱ्या हौशी वापरासाठी दिलेली सवलत धरून. सतत चालवायची तर २७. ज्यांना माझ्याशी वाद घालायचा आहे त्यांनी आधी तो कागद उघडून बघावा.

त्या काळच्या सेटबरोबर येणाऱ्या पुस्तिकांमध्ये ट्यून करताना पूर्ण करंटवर १० सेकंदांहून जास्त थांबू नका, असं बजावलेलं असायचं. भाची काटा ४५ वर टेकवायला डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायचा रेझिस्टर) कॅरिअर (नुसता अखंड सिग्नल) सोडून पाऊण मिनिट बसली होती. तिची चूक नाही, "सेफ" लिहिलं होतं. एफटी८ (कॉम्प्युटरवरून चालणारी डिजिटल पद्धत) करणाऱ्यांनी तर ही युक्ती करूच नये, तिथे १५ सेकंदांच्या प्रत्येक पाळीत सेट १२.६४ सेकंद अखंड प्रसारण करतो. शिवाय हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) अडवण्याचं कामही फायनलचं तेच पाय (π) सर्किट करतं. ते बिघडवून शेजाऱ्याच्या टीव्हीत व्यत्यय आणायचा आणि वर "पॉवर कमी आहे" म्हणायचं, हे चालणार नाही.

दुसरा मुद्दा त्याहून वाईट, कारण तो नवख्या माणसाला फायनलची जाळी उघडायला सांगतो. आतल्या कपॅसिटरमध्ये सेट बंद केल्यावरही जीव घेईल इतका चार्ज राहू शकतो, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल एक शब्द नाही. दोन्ही ट्यूबचे हिटर (आतली तापणारी तार) सिरीजमध्ये असतील तर एक काढल्यावर दुसरीही विझणार. नसतील तरी न्यूट्रलायझेशन, म्हणजे फायनलनं स्वतःहून सिग्नल निर्माण करू नये म्हणून केलेली जुळणी, दोन ट्यूबसाठी बसवलेलं असतं, एकीवर फायनल ऑसिलेट होऊ शकते.

मेन्स १८० वर आणली की ६.३ व्होल्टचा हिटर पाचच्याही खाली जातो. डेटाशीट दहा टक्क्यांची सूट देतं, ही वीसच्या पुढे गेली. पुरेसा न तापलेल्या कॅथोडकडून (हिटर ज्याला तापवतो तो भाग) करंट ओढला की तो खराब होतो. आयुष्य वाढतं म्हणे!

माइक गेनचं म्हणणं मात्र मान्य करावं लागेल. एसएसबीवर (बोलण्याचं प्रसारण) ड्राइव्ह, म्हणजे फायनलला मिळणारा सिग्नल, कमी करणं हाच योग्य मार्ग, आणि सीडब्ल्यूवर (मोर्स) तेच काम कॅरिअरचं बटण करतं. म्हणजे "पॉवरचं बटण नसतं" हे पहिलं वाक्यच चुकीचं. बटण आहे, फक्त त्यावर पॉवर असं लिहिलेलं नाही. एक लक्षात ठेवा, ६० मिलिअ‍ॅम्पचा आयडल करंट (सिग्नल नसतानाही वाहणारा) तसाच राहतो, त्यामुळे ट्यूब अगदी गार होणार नाहीत, पंखा चालू हवाच. एएलसीला निगेटिव्ह व्होल्टेज देऊन पॉवर दाबता येते, हेही काही सेटमध्ये खरं आहे. पण पोलॅरिटी आणि किती व्होल्ट हे सेटप्रमाणे बदलतं, आणि बॅटरी पोटेन्शिओमीटरशिवाय थेट जोडणं म्हणजे अंदाजपंचे काम.

भाचीला मी एवढंच सांगितलं: आधी डमी लोडवर, थोड्या थोड्या वेळानं, प्लेटचा डिप आणि लोडचं बटण (अँटेनाशी जुळवणारं) नीट ट्यून कर. मग प्लेट-लोडला हात न लावता कॅरिअर खाली आण, आणि वॅटमीटरबरोबर प्लेट करंटचा काटाही खाली येतोय का ते बघ. वॅट पडले आणि करंट तिथेच राहिला, तर लगेच थांब. ४० मीटरच्या बँडवर ३०-४० वॅटमध्ये गप्पा व्यवस्थित होतात.

तिच्या ट्यूब वाचल्या की नाही, हे रविवारी बायस (आयडल करंट ठरवणारं व्होल्टेज) आणि न्यूट्रलायझेशन तपासल्यावर कळेल. तोवर सेटचा प्लग भिंतीतून काढून ठेवायला सांगितलंय.