राजीनामा त्यांनी टाइप केलेला, सही तेवढी तुमची

मुंबईतल्या खासगी कंपन्यांत हल्ली कोणाला नोकरीवरून काढत नाहीत. सगळे आपणहून राजीनामे देतात. एकाच शुक्रवारी, एकाच कॉन्फरन्स रूममध्ये, एकाच मजकुराचे.

माझी सगळी नोकरी अंधेरी एमआयडीसीत पगार विभागात गेली. माणूस कंपनीतून गेला की त्याचा 'फुल अँड फायनल'चा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, कागद माझ्या टेबलावरून पुढे जायचा, त्यामुळे 'वैयक्तिक कारणांमुळे' हे दोन शब्द मी इतक्यांदा वाचलेत की आता हसूही येत नाही.

आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी, मला काकू म्हणते, लोअर परळला कामाला होती. सात वर्षं. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर'. हाताखाली एकही माणूस नाही. दिवसभर एक्सेलमध्ये बिलं जुळवायची आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवायचा, हे तिचं मॅनेजरपण. एका शुक्रवारी दुपारी 'सिस्टिम अपडेट करायचीय' म्हणून आयटीवाला लॅपटॉप घेऊन गेला आणि पाचच्या सुमारास हिला आत बोलावलं. समोर एचआरची बाई, शेजारी कोणी तरी ज्याचं नावही सांगितलं नाही. पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि मग कागद. मजकूर तयार, तारीख तयार, खाली हिचं नाव टाइप केलेलं, आणि कागदावर पेनसुद्धा टोपण काढून ठेवलेलं. 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे.' सही केलीस तर रिलीव्हिंग लेटर आज, नाही केलीस तर रेकॉर्डवर टर्मिनेशन लागेल, मग पुढे कोण घेणार तुला? आणि ग्रॅच्युइटीही अडकेल.

पोरगी हुशार. "घरी विचारून सांगते," म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली. दादर येईपर्यंत ऑफिसचा मेल बंद झाला होता.

आता कंपनीला त्या एका सहीची एवढी घाई का असते? उत्तर सरळ पैशात आहे. वर्षभरापेक्षा जास्त काम केलेल्या कामगाराला त्याचा काही दोष नसताना कमी करायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी नुकसानभरपाई. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. समजा वेतन 40,000 आणि नोकरी सात वर्षं. नुकसानभरपाई साधारण 1,40,000, वर नोटिशीचे 40,000. तुम्ही 'स्वेच्छेने' लिहून दिलंत की भरपाईची रक्कम शून्य. शिवाय शेवटी आलेल्याला आधी कमी करायचं हा नियम आहे, तोही मग कोणी विचारत नाही. सात वर्षं जुनी बाई घरी आणि सहा महिन्यांपूर्वी आलेला साहेबांचा ओळखीचा पोरगा तिच्या खुर्चीवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ग्रॅच्युइटी अडकण्याची धमकी तर निव्वळ थाप. पाच वर्षं झाली की राजीनामा दिला काय किंवा काढलं काय, ती मिळते. ती जप्त करायला कामगाराने कंपनीचं नुकसान केलेलं असावं लागतं किंवा गंभीर गैरवर्तन. सही केली नाही हे गैरवर्तनात बसत नाही, निदान अजून तरी. आणि 30 दिवसांत दिली नाही तर वर व्याज लागतं.

पण माझा खरा राग कंपनीवर नाही. कंपनी तिच्या फायद्याचं बघणारच. राग येतो तो आपल्या घरांतल्या त्या दिवाणखान्यातल्या बोलण्याचा. मी तिला म्हटलं, बीकेसीतल्या कामगार भवनात तक्रार देऊ. तिच्या बाबांचा चेहरा पडला. "वहिनी, तिथे जाऊन बसायचं? ती काय गिरणीत आहे का?"

गंमत बघा. या माणसाचे वडील गिरणीतच होते. मुलीचं ऑफिस ज्या काचेच्या इमारतीत आहे ती एका गिरणीच्या आवारात उभी आहे. लिफ्ट आहे, चौदाव्या मजल्यावर कॉफीचं मशीन आहे, आणि आजोबांना जे पाठ होतं ते नातीला कोणी सांगितलेलं नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती 10 जून 1890 ला. ज्या रविवारी आपण सोफ्यावर बसून 'युनियनवाल्यांनी मुंबईची वाट लावली' म्हणतो, तो रविवार त्यांनीच मिळवलेला.

हे वाक्य कुठून आलं तेही मला माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, आणि परत आत जायला बहुतेकांना दारच राहिलं नाही. त्या घरांतल्या बायकांनी पोळीभाजीचे डबे केले, पोरांनी शाळा सोडल्या. मग त्या पोरांनी आपल्या पोरांना एकच शिकवलं: शिक, टाय लाव, आणि वरच्याशी भांडू नकोस. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. पण त्या भीतीचा फायदा आज कोण घेतं? 'असिस्टंट मॅनेजर' असं कार्ड छापायला कंपनीला किती खर्च येतो?

कायदा कार्डावरचा हुद्दा बघत नाही. प्रत्यक्ष काम काय करता ते बघतो. कारकुनी, तांत्रिक, हिशेबाचं काम असेल आणि माणसं नेमायचे, रजा मंजूर करायचे, कोणाला काढायचे अधिकार नसतील, तर नावापुढे मॅनेजर लावलं म्हणून तुम्ही मॅनेजर होत नाही. देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी नव्या संहितेत महिना 18,000 ची मर्यादा आहे, त्यावर पगार असेल तर ते कामगार धरले जात नाहीत. पण जिच्या हाताखाली कोणीच नाही तिला ती मर्यादा लागतच नाही, मग पगार लाखभर का असेना. खऱ्याखुऱ्या मॅनेजरची गोष्ट वेगळी. त्यांना नेमणूकपत्रातल्या अटींवर दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि तो रस्ता लांबचा आहे, खोटं कशाला बोलू.

तर सोमवारी ती नेहमीच्या वेळेला ऑफिसला गेली. कार्ड चालेना. हे मी मुद्दाम करायला लावलं, कारण सही केली नाही की पुढचा डाव ठरलेला असतो: 'न कळवता गैरहजर, नोकरी सोडून गेली.' गेटवरूनच तिने स्वतःच्या जीमेलवरून मेल टाकला. मी हजर आहे, कार्ड बंद आहे, मी राजीनामा दिलेला नाही, मला कामावर घ्या. चार ओळी. तेच पत्र स्पीड पोस्टाने. वकिलाची भाषा नको, शिव्या नको, 'सात वर्षं रक्त आटवलं' नको. ज्यांनी घाबरून सही केलेली असते त्यांनीही असाच मेल लगेच टाकावा, दबाव कसा आणला आणि खोलीत कोण कोण होतं ते लिहून. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणंच, हे कोर्टात मांडता येतं. पण तीन महिन्यांनी जाग आली तर कोण विश्वास ठेवणार?

नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, पगाराच्या स्लिपा नोकरी सुरळीत चालू असतानाच घरी असाव्यात. ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलेली गोष्ट आपली नसते. (कंपनीचा डेटा मात्र उचलून आणू नका, त्यांना आयतं कारण मिळतं.) पीएफचं पासबुक उमंग ॲपवर अधूनमधून बघावं. पगारातून 12 टक्के कापून ते भरलेच नाहीत, तर तो फौजदारी गुन्हा आहे, नुसती दिरंगाई नव्हे. आणि बायकांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. हे आमच्या बिल्डिंगमध्ये एकालाही माहीत नव्हतं, त्यात एक निवृत्त बँक मॅनेजरही आले.

कामगार भवनात समेट अधिकाऱ्यापुढे तारीख लागली आणि कंपनीचा सूर बदलला. वकिलाचा फोन आला, मग दुसरा. शेवटी नोटिशीचा पगार, भरपाई, ग्रॅच्युइटी आणि साधं रिलीव्हिंग लेटर यावर मिटलं. कामावर परत घेतलं नाही. काहींनी तिला ऐकवलं की कोर्टापर्यंत ताणायला हवं होतं. ताणणाऱ्याच्या घराचा हप्ता हे लोक भरणार होते का? निकालाला वर्षं लागतात. आपल्याला किती मिळायला हवेत हा आकडा डोक्यात पक्का ठेवून केलेली तडजोड मला तरी हार वाटत नाही.

तिला आता मालाडला नोकरी लागतेय. परवा नेमणूकपत्राचा फोटो पाठवला. तिने सोडायचं तर तीन महिन्यांची नोटीस, कंपनीने काढायचं तर पंधरा दिवसांची. मी म्हटलं, दोन्हीकडे सारखी करून माग. एचआरने कळवलं, 'हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे.' तिने परत मेल टाकलाय, उत्तर यायचंय. तिचे बाबा माझ्याशी सध्या जरा तुटक बोलतात.