नास्तिकांची प्रतवारी लावणारे तुम्ही कोण?

आज डोकं सणकलंय, म्हणून लिहितेय. घोडबंदर रोडला एका मित्राकडे आम्हा न मानणाऱ्यांची बैठक होती. कळव्याची एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. बोलता बोलता म्हणाली, देव मानत नाही, पण घरी आजीसाठी आरतीला उभी राहते. लगेच एक ज्येष्ठ गृहस्थ उद्गारले, "मग तू नास्तिक नाहीस. फार तर अज्ञेयवादी, तेही अर्धवट." पोरगी नंतर तोंड उघडायला तयार नाही.

अहो, हा अधिकार तुम्हाला दिला कुणी? सोवळंओवळं सोडून आलेली माणसं आपण, आणि इथेही पुन्हा उतरंड?

बाबा गेले तेव्हाचं सांगते. जवाहरबागेच्या स्मशानातून आल्यावर काकांनी दहाव्याचा विषय काढला. आई म्हणाली, "काही करायचं नाही. त्यांनाही नको होतं, मलाही नको." काका चिडले, "वहिनी, लोक काय म्हणतील?" आईने त्यांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "म्हणू देत. साखर कमी घातलीय, तुमची शुगर वाढलीय." झालं. ना दहावं, ना तेरावं.

हीच आई सोसायटीच्या गणपतीत टाळ वाजवते. शेजारच्या काकूंबरोबर उकडीच्या मोदकांना कळ्या पाडत बसते. आता लावा तिला लेबल! त्या गृहस्थांपैकी कितीजणांनी सख्ख्या दिरासमोर असं 'नाही' म्हटलंय?

आणि अज्ञेयवादी ही काय शिवी आहे? इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलेने 1869 साली तो शब्द आणला. पुरावा नसताना 'मला ठाऊक आहे' म्हणायचं नाही, एवढी साधी, कडक शिस्त त्यामागे आहे. माझी एक मैत्रीण बौद्ध आहे. 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेशाला देव न मानण्याची. ती देव मानत नाही आणि धर्म अभिमानाने सांगते. तिला कुठल्या खणात कोंबणार? दाभोलकरांच्या समितीने देवाधर्माला सरसकट विरोध हे धोरण कधीच ठेवलं नाही. तरी 20 ऑगस्ट 2013 ला त्यांना गोळ्या घातल्याच ना?

बरं, लेबलं लागतात, मान्य. स्वतःसाठी शब्द सापडला की एकटं वाटत नाही, तेही खरं. कॉलेजात असताना 'निरीश्वरवादी' हा शब्द वाचला तेव्हा मलाच केवढा धीर आला होता. आईला मात्र कधीच गरज पडली नाही. मी एकदा विचारलं, तू नेमकी कोण गं? म्हणाली, "मला कामं आहेत."

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या गृहस्थांनीही त्यांच्या काळात घरच्यांचं खूप ऐकून घेतलं असणार, त्यातून हा कडवटपणा आला असेल. पण तो त्या पोरीवर काढू नका. शब्द वापरायचाच तर सरकारी फॉर्मवर वापरा. धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही, 'माझा कुठलाच धर्म नाही' असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच स्पष्ट केलंय. तरी आपल्यातले किती जण तो रकाना मुकाट्याने भरून मोकळे होतात!

जनगणनेवाले दारात आले की मी 'धर्म नाही' असंच लिहायला लावणार आहे. तुम्हीही लावा. आईच्या नावापुढे काय लिहायचं, ते तिचं ती सांगेल.