म्हणे, कायदा फक्त कागदावर!

मामांनी काल घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज ढकलला. सार असं: समलैंगिकांविरुद्धच्या कायद्यांमुळे रशिया-कतारमधल्या स्पर्धांवर बहिष्कार घाला म्हणणारे ढोंगी. कतारचा कायदा निव्वळ कागदावर, रशियाचा मुलांच्या रक्षणासाठी, बहिष्काराने आजवर काही साधलेलं नाही, आणि खेळात राजकारण नको. त्याच ग्रुपवर एक जण असा आहे, ज्याला असले मेसेज गप्प बसून वाचावे लागतात. मामांना ते ठाऊक नाही. मला आहे.

‘कागदावर’ हा शब्द वाचून डोकंच फिरलं. फुटबॉल विश्वचषकाला जेमतेम महिना उरला असताना, ऑक्टोबर २०२२ मध्ये, ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने कतारमध्ये पकडल्या गेलेल्या समलैंगिक आणि ट्रान्स (पारलिंगी) लोकांच्या हकिकती प्रसिद्ध केल्या. २०१९ ते २०२२ या काळातल्या जबर, वारंवार मारहाणीच्या सहा आणि कोठडीतल्या लैंगिक छळाच्या पाच घटना. दोहातला तळघरातला तुरुंग. पोलिसांनी फोन उघडायला लावून चाळलेले. ट्रान्स स्त्रियांना सोडताना अट काय, तर सरकारी आश्रयाच्या केंद्रात जाऊन स्वतःला ‘सुधारून’ घ्या! कतार सरकारने हे सगळं नाकारलं, आणि मामांचा मेसेज नेमका तोच नकार पुढे पाठवतो. ‘पाहुण्यांना कुठे काय झालं?’ असंही त्यात आहे. अहो, पाहुणे महिनाभराने घरी गेले. मार खाणाऱ्यांचं घरच तिथे होतं.

रशियाचं थोडक्यात. २०१३ चा कायदा अल्पवयीनांपुढच्या ‘प्रचारा’विरुद्ध होता, हे खरं. पण डिसेंबर २०२२ मध्ये तीच बंदी सगळ्या वयांना लागू झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’, म्हणजे समलैंगिक, पारलिंगी वगैरे लोकांची चळवळच, अतिरेकी ठरवली. आता यात मुलं कुठे आली?

बहिष्काराचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो, जिवावर येत असलं तरी. अफगाणिस्तानात फौजा घुसवल्या म्हणून १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेसह अनेक देशांनी बहिष्कार घातला, पण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून बाहेर पडल्या १९८९ मध्ये. मधल्या मध्ये खेळाडूंची वर्षं गेली. मला स्वतःला यजमानपद देतानाच अडवणं जास्त पटतं. एलजीबीटींच्या हक्कांवर घाला घालणाऱ्या अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कायद्यामुळे एनबीए या बास्केटबॉल लीगने २०१७ चा ऑल-स्टार सामना तिथल्या शार्लट शहरातून हलवला. त्याच वर्षी तो कायदा अर्धामुर्धा का होईना, मागे घ्यावा लागला. सामना शार्लटला आला तो २०१९ मध्ये.

राहिलं राजकारण. वंशभेदामुळे दक्षिण आफ्रिकेशी खेळायचं नाही म्हणून भारताने १९७४ ची डेव्हिस कपची अंतिम फेरी सोडली, हे मामाच आम्हाला अभिमानाने सांगत आलेत. आणि कतारमध्ये सात युरोपीय कर्णधारांनी इंद्रधनुषी हृदयाची दंडपट्टी बांधू नये म्हणून पिवळ्या कार्डाचा धाक दाखवला तो फिफाने, बहिष्कारवाल्यांनी नव्हे.

बहिष्कारावर खुशाल वाद घाला, मामा. फक्त तो मेसेज ग्रुपवरून काढा. आजच.