उंबरठ्यावरची बादली

आमच्याकडे येणारं माणूस दोनपैकी एक वाक्य हमखास बोलतं. एक, "एवढुशा घरात पाच जनं कसे राह्यता वं?" नाहीतर, "तुमचं घर बरं बाप्पा साफ राह्यते, आमचं तर सकाळी झाडलं का दुपारी तसंच." पहिल्याला मी हसून चहा देते. दुसऱ्याबद्दल आज लिहायला बसले, कारण परवा चुलतजाऊ म्हणाली, "तुले कामाचा कंटाळा कसा येत नाही?" येतो ना. लय येतो. त्या कंटाळ्यापायीच तर हे सगळं सुचलं.

घर आमचं घरकुलातलं. योजनेत घर किमान 25 चौरस मीटरचं धरलेलं आहे, म्हणजे 269 चौरस फूट, आणि सैपाकाची जागाही त्यातच. पुढे आम्ही पत्र्याची छपरी काढली, तेवढंच जास्तीचं. त्यात हे, मी, सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते), दोन पोरं, माझी शिलाई मशीन आणि दिवाळीच्या आगेमागे घरात येणारा कापूस. भाव येईपर्यंत तो काही हलत नाही.

मोबाइलवर घर आवरायचे व्हिडिओ येतात, ते मी आवडीनं पाहते. पण त्यातल्या बायांच्या घरात खण असतात, खणात डबे, डब्यांवर चिठ्ठ्या. त्यांच्याकडे बाहेरून येऊन येऊन काय येते, तर धूळ. आमच्याकडे अख्खं वावर आत येते.

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या दर्यापूरकडची काळी माती ज्यानं पाहिली त्याला सांगायची गरज नाही. पावसाळ्यात चपलेला चिकटली की चप्पल किलोभर जड होते. ती कोब्यावर वाळली की तिचा भुगा होतो, भुग्यावर कोणाचा ओला पाय पडला की पुन्हा चिखल. लग्न होऊन आले तेव्हा मी दिवसातून पाच-पाच वेळा झाडायची आणि तरी रात्री अंथरूण टाकताना तळपायाला खरखर लागायची. वर रागही यायचा, कोणावर ते कळायचं नाही. माझं मत असं झालं आहे, की झाडू हाती घ्यावा लागला म्हणजे आपण उशीर केला. माती आत यायची वाट आमच्या घराला एकच आहे, दार. तिथंच तिला अडवली तर निम्मं काम होतच नाही.

म्हणून उंबरठ्याबाहेर छपरीत एक बादली, एक मग आणि बारदान्याचा जाड तुकडा. चपला बाहेर, पाय धुवायचे, बारदान्यावर पुसायचे, मग आत. सांगायला दोन ओळी आहेत, अंगवळणी पडायला दोन महिने गेले. सगळ्यात आधी आईच बिघडल्या. "आता माह्याच घरात मले पाय धुवाले लावतं काय वं?" आठ दिवस बोलणं बंद. आज त्याच दारात बसून पहारा देतात. मागच्या महिन्यात गावातल्या एका मोठ्या माणसालाही त्यांनी सोडलं नाही. "भाऊ, अंदर याचं तं पाय धुवा." त्या भाऊंनी छपरीतच चहा घेतला.

पाणी कुठून आणायचं, हा पुढचा प्रश्न कोणीतरी विचारेलच. आपला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. नळाला गोडं पाणी दिवसाआड येते, ते पिण्या-सैपाकालाच पुरवावं लागते. बोअरच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग बसतात. बादलीत मी कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी भरते. पाय धुवायला ते चांगलं चालते. आणि डागांचं म्हणाल तर भांडी पालथी घालून वाळू द्यायची नाहीत, लगेच कोरड्या फडक्यानं पुसायची. पाणी भांड्यावरच वाळते म्हणून क्षार मागे राहतात. बसलेच तर पिळून झालेल्या लिंबाची फोड घासायची.

आता कापसाबद्दल. आधी आम्ही तो मधल्या खोलीत भिंतीला लावून, जमिनीवरच ढीग करून ठेवायचो. सगळं गावच ठेवते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात त्या ढिगाला लागून ठेवलेली रिकामी पोती उचलली आणि खाली मण्यार निघाली. काळी चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे, वेटोळं करून निवांत. हातभर अंतरावर लहान्याचं अंथरूण होतं. मण्यार रात्रीच हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश इतका बारीक की पुष्कळदा झोपमोडही होत नाही. सर्पमित्रानं बरणीत घालून नेली. जाताना एवढंच म्हणाला, ताई, सरकी खायला उंदीर येतात, त्यांच्यामागं असे पाहुणे येतात.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच कायदा. ज्याच्याखालून झाडू जात नाही, ते घरात ठेवायचं नाही. विटा रचून त्यावर फळ्या टाकल्या, वीतभर उंच, भिंतीपासून हातभर लांब. कापूस, तुरीचे कट्टे, पेटी, सगळं त्यावर. दिवसा तिथं बॅटरी मारली की पार मागची भिंत दिसली पाहिजे. घरात एकच पलंग आहे, तो पोरांना दिला. कापसाची तुसं उडतात ती झाडूनं आवरत नाहीत, आणखी नाकात जातात. पंखा बंद करून ओल्या फडक्यानं गोळा करायची.

रात्रीची भांडी रात्रीच घासायची, ओटा कोरडा करायचा. वेचणीच्या दिवसांत पहाटे निघावं लागते, खरकटी भांडी पाहून दिवस सुरू झाला की तो वाईटच जातो. पण हे मी एकटीनं करावं हे मला मान्य नाही, आणि भांडण झालं ते यावरून.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. 20 डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीला आमच्या गावात चौक झाडतात. ह्यांचा खराटा हातात घेतलेला फोटो त्या दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरला. दुपारी जेवून ताट तिथंच ठेवून उठले. मी काही बोलले नाही, फोटो उघडून मोबाइल ताटाशेजारी ठेवला. दोन दिवस घरात शांतता. तिसऱ्या दिवशी ताट धुतलेलं दिसलं, साबण राहिला होता, पण धुतलेलं. आता ज्याचं ताट त्यानं धुवायचं, पोरंसुद्धा. सांजेला वीस मिनिटं सगळे हात लागतात.

शनिवारी पाण्याची सगळी भांडी रिकामी. नुसती ओतून भागत नाही, आतून घासावी लागतात, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. उन्हाळ्यात कूलरची टाकीही त्यातच धरायची, ती लोक विसरतात.

आणि दिवाळीची साफसफाई मी बंद केली. बोला आता. सोयाबीन काढणी, मळणी, वेचणी सगळं त्याच वेळी, आणि त्यात बाईनं माळ्यावरची भांडी घासायची, हा कोणाचा न्याय? माझी मोठी साफसफाई मे महिन्यात, कापूस गेल्यावर. वाकळी, गाद्या सगळ्या पत्र्यावर टाकते. आपल्याकडचं 45 डिग्रीचं ऊन फुकट मिळते, पत्रा तर हात लावू देत नाही. दिवाळीला जाळी काढते, फड्याची, म्हणजे केरसुणीची, पूजा करते, झालं. लक्ष्मीनं अजून तक्रार केली नाही.

हे लिहितालिहिता बाहेर पाऊस उघडला. हे वावरातून आले आहेत, एक पाय धुऊन झाला आहे आणि दारातूनच विचारताहेत, "बादलीतलं पानी संपलं, आता दुसरा पाय कायनं धुऊ?" आज बादली भरायची पाळी त्यांचीच होती.