पटसंख्येच्या प्रश्नाला अस्मितेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातील शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवावी का, यावरून वृत्तवाहिन्यांवर झालेल्या चर्चांत प्रश्न टाळणाऱ्यांना मी अप्रामाणिक म्हटले, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. विरोधकाला अप्रामाणिक ठरवणे हीच मुळात वाद टाळण्याची युक्ती आहे, हा पहिला. आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यात हिंदी सर्रास चालत असताना मी मुंबई-पुण्याची री ओढतो, हा दुसरा.

कोणाच्या मनात काय आहे हे बाहेरून कळत नाही, हे आपले म्हणणे रास्त आहे. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे तो माणूस काय करतो, हे सर्वांसमोर घडते. 'हिंदी राष्ट्रभाषा आहे' हे विधान गैरसमजातूनही केले जाते. घटनेच्या अनुच्छेद 343 प्रमाणे हिंदी संघराज्याची राजभाषा, म्हणजे कामकाजाची भाषा, आहे आणि राष्ट्रभाषेचा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही, हे दाखवून दिल्यावर 'असेल, तरीही मुलांना हिंदी यावी असे मला वाटते' असे म्हणणाऱ्याशी मी आनंदाने वाद घालीन. मान डोलावून पुढच्या चर्चेत तेच विधान पुन्हा ठोकून देणाऱ्याला मात्र मी अप्रामाणिकच म्हणेन.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य केली. 17 जूनच्या सुधारित निर्णयात हिंदीऐवजी अन्य भारतीय भाषा निवडण्याची मुभा आली, पण त्यासाठी इयत्तेत किमान 20 विद्यार्थ्यांची इच्छा हवी, अशी अट होती. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या लहान गावची जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसतात, गुरुजी अर्धा फळा पहिलीला आणि अर्धा दुसरीला देतात, आणि दोन्ही वर्ग मिळूनही पट विसापर्यंत पोचत नाही. घरी गोंडी बोलणाऱ्या लेकराला तर पुस्तकातली मराठीच अजून नवी असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. मग तिसरी भाषा कोणी आणि कोणत्या तासाला शिकवायची? ही मुभा आमच्या गावांपुरती कागदावरच राहिली असती. मी पाहिलेल्या चर्चांत हा मुद्दा निघाला, तेव्हा निवेदकाने प्रतिप्रश्न केला, 'म्हणजे तुम्हाला हिंदीचा द्वेष आहे का?' पटसंख्येचा प्रश्न तिथेच संपला आणि उरलेला वेळ बोलणाऱ्याला आपल्या देशप्रेमाची ग्वाही देण्यात घालवावा लागला. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली भाषा धोरणाविषयी समिती जाहीर झाली, तेव्हाही वाहिन्यांवर कोण जिंकले आणि कोण हरले एवढेच चालले होते.

मराठीच्या बाजूनेही हे घडले, आणि त्याचा मला अधिक राग आहे. पहिलीच्या मुलांवरील ओझ्याविषयी पोटतिडकीने बोलणारे काही जण गोंडी, माडिया आणि कोरकू या आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलांचा विषय निघताच 'आता फाटे फोडू नका' म्हणाले. मीरा-भाईंदरमध्ये मराठी बोलण्याच्या वादातून दुकानदाराला मारहाण झाली आणि तिची चित्रफीत पसरली, तेव्हा त्याच मंडळींना मारहाणीचा स्पष्ट निषेध करणे जड गेले. आणि पलीकडच्यांनी त्याच चित्रफितीवरून पहिलीच्या मुलाची काळजी करणाऱ्या प्रत्येकाला गुंडांच्या रांगेत बसवले.

दुसऱ्या आक्षेपाविषयी थोडक्यात लिहितो. मध्य प्रदेशातला बालाघाट आणि छत्तीसगडमधला राजनांदगाव हे हिंदीभाषक जिल्हे आम्हाला लागून आहेत. बाजारात, एसटीत, सोयरिकीत हिंदी येते आणि तिच्याशी आमचे काहीही वाकडे नाही. परंतु येथील मुले हिंदी बाजारात आपोआप उचलतात, तर ती पहिलीपासून सक्तीने शिकवण्याची गरज या जिल्ह्यात उलट कमीच ठरते. आपण स्वतः याच भागातले आहात, म्हणून विचारतो: आपल्या गावच्या शाळेत पहिलीचा पट किती आहे, आणि वीस विद्यार्थ्यांची अट तिथे कशी पाळली गेली असती? आपल्या प्रतिक्रियेत याविषयी एक ओळही नाही. ती लिहिलीत, तर माझ्या मताच्या विरुद्ध असली तरी तिच्यावर पुढे बोलता येईल.