लोच मासा टाकी साफ करायला नसतो

‘टाकीत गोगलगाई झाल्यात? शेवाळ धरलंय? दोन-तीन लोच सोडा. तळ आपोआप साफ राहतो, वेगळं खाणं घालावं लागत नाही, दोन फुटी टाकी पुरते, एकटा ठेवला तरी जगतो. दिवसा लपून बसतो, म्हणून फोटो हवा असेल तर रात्री एकदम लाइट लावून फ्लॅश मारा.’ मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा सल्ला थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्यातलं गोगलगाईंचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं सगळं त्या अर्ध्या खऱ्यावर रचलेलं आहे, आणि त्याची किंमत मासा मोजतो.

आधी ‘लोच सोडा’ हेच बघू. कोणता लोच? तळाशी राहणारे, मिशा असलेले हे मासे दुकानात एकाच नावाखाली मिळतात, पण एकमेकांहून फार वेगळे असतात. बोटाएवढा मिळणारा नारिंगी-काळा क्लाउन लोच सुमात्रा-बोर्निओचा. तो 30 सेंमीपर्यंत वाढतो आणि नीट ठेवला तर वीस वर्षांहून जास्त जगतो. कूली लोच म्हणजे 8-10 सेंमीचा, पेन्सिलपेक्षा बारीक, सापासारखा वळवळणारा. उत्तर भारतातला योयो 12-15 सेंमीचा होतो. झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायटा, हा तर आपल्या सह्याद्रीचा. प्राणिशास्त्रज्ञ नारायण राव यांनी 1920 मध्ये त्याचं वर्णन केलं. महाराष्ट्र-कर्नाटकात कृष्णेच्या खोऱ्यातल्या वरच्या नद्यांपुरताच तो आढळतो आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला आहे. असा मासा गोगलगाई मारायचं साधन म्हणून विकत आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लोच आपल्याला परके नाहीतच. इंग्रज अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन करताना एका लोचला ‘मूरे’ हे नाव दिलं, ते इथल्या मराठी बोलीतूनच उचललेलं होतं.

आता गोगलगाई. क्लाउन, योयो, झेब्रा हे बोटियाच्या गोतातले मासे गोगलगाई खातात, हे खरं. तोंड शंखात घालून आतलं मांस ओढून घेतात. कूली मात्र हे काम करत नाही, आणि दगडाला चिकटून राहणारे हिलस्ट्रीम लोचही नाहीत. वाळूत राहणारी, दार बंद करून घेणारी मोठी ट्रम्पेट गोगलगाय बोटियाच्या तावडीतूनही बऱ्याचदा सुटते. उलट हौसेने आणलेल्या नेराइट किंवा अ‍ॅपल गोगलगाईचा बळी जातो. मुळात गोगलगाई वाढतात त्या जास्त पडलेल्या खाण्यावर. वरच्या माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घाला. रात्री दिवे गेल्यावर काकडीची जाड चकती किंवा कोबीचं उकडलेलं पान तळाशी ठेवा आणि सकाळी चिकटलेल्या गोगलगाईंसकट उचला. रोज केलं तर दोन-तीन आठवड्यांत संख्या उतरते. दुकानात मिळणारं तांबेयुक्त गोगलगाईनाशक लोच असलेल्या टाकीत घालू नका.

शेवाळाबद्दल थोडक्यात: बोटिया आणि कूली शेवाळ खात नाहीत. हिलस्ट्रीम लोच दगडावरचा पातळ थर खरवडतात, पण त्यांना 20-24 अंशांचं, जोरात वाहणारं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पुणे-नागपूरच्या मे महिन्यात टाकीचं पाणी सहज 30 अंशांवर जातं. पंखा लावून फार तर तीन-चार अंश उतरतात.

‘वेगळं खाणं नको’ हा या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. वरचे मासे दिवसा सगळं फस्त करतात, तळाशी पोचतो तो चुरा. लोच हळूहळू वाळतो. त्याला बुडणारे पेलेट, फ्रोझन ब्लडवर्म, अधूनमधून काकडी द्यायची, आणि ती दिवे मालवायच्या सुमारास. सहा झेब्रा लोचना एका वेळी 10-12 छोटे पेलेट घालून बघा. सकाळी उरलेले दिसले तर कमी करा, पोटं सपाट दिसली तर वाढवा.

एकटा लोच जगतो, पण कसा? कायम भोकात दडलेला, नाहीतर इतर माशांचे पर कुरतडणारा. पाच-सहांचा गट हवा. गटात आपसांत उतरंड ठरते, भांडताना पट्टे फिके पडून अंग राखाडी होतं, आणि तासाभरात रंग परत येतो. तो आजार नव्हे. क्लाउन लोच आडवा पडून झोपतो, तोही मेलेला नसतो. सहा झेब्रांना किमान 90×45×45 सेंमी, म्हणजे साधारण 180 लिटर. कूलींच्या गटाला 60 सेंमी चालते. मोठ्या क्लाउनच्या गटाला 180 सेंमी लांब टाकी. दोन फुटीत क्लाउन ठेवणं म्हणजे त्याची वाढ खुंटवणं.

तळाला बारीक, गोल कणांची वाळू घाला, तीन-चार सेंमी. लोच वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडतात. टोकदार खडीवर मिशा झिजतात आणि तिथे संसर्ग होतो. नदीची वाळू आणली तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, ती वापरू नका. लपायला पीव्हीसीचे तुकडे, घासलेली करवंटी. भोक माशाच्या जाडीच्या दुप्पट तरी असावं, कारण बोटियाच्या डोळ्याखाली उभा राहणारा काटा असतो आणि घाबरलेला मासा अरुंद भोकात अडकतो. त्याच काट्यामुळे तो जाळीतही गुंततो, म्हणून पकडायला प्लास्टिकचा डबा घ्या. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, झाकणात फट ठेवू नका.

‘लोचला खवले नसतात, म्हणून औषधच चालत नाही’ हे या सल्ल्याला जोडलेलं शेपूट. खवले असतात, पण फार बारीक आणि कातडीत रुतलेले. अंगावर पांढरे ठिपके आले (हा परजीवीमुळे होणारा आजार) तर काही तासांत एकेक अंश करत पाणी 30 अंशांवर न्या, हवा वाढवा आणि मॅलकाइट ग्रीनच्या औषधाचा निम्मा डोस द्या. उष्णतेने परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि औषध त्याला पोहणाऱ्या अवस्थेत गाठतं. अंगातल्या ठिपक्यावर ते लागू पडत नाही. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवा. हिलस्ट्रीमला मात्र ही उष्णता देऊ नका.

आता फोटो. काळोखात एकदम दिवा लावला की लोच उधळतात, काचेवर आपटतात, आणि हाती लागतं ते शेपटाचं टोक. त्यापेक्षा त्यांना जागा आणि वेळ शिकवा. दिवे जायच्या वीस मिनिटं आधी, समोरच्या काचेपासून 10 सेंमीवर ठेवलेल्या चपट्या दगडावरच रोज खाणं घाला. दोन-तीन आठवड्यांत गट मंद उजेडातच तिथे जमू लागतो.

पाणी आदल्या दिवशी बदला. ताज्या नळाच्या पाण्याचे बारीक बुडबुडे काचेला चिकटतात, आणि तळ उपसल्यावर कण दिवसभर तरंगतात. खोलीतले दिवे बंद करून कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही. कॅमेरा माशाच्या पातळीवर, म्हणजे तळाशी, घडी केलेल्या टॉवेलवर टेकवा आणि भिंग काचेला काटकोनात ठेवा. तिरकं धरलं की पाणी आणि काच किरण वाकवतात आणि पट्ट्यांच्या कडा दुहेरी दिसतात.

फ्लॅशला आमचा विरोध नाही, पण तो कॅमेऱ्यावर नको. टाकीच्या वर, थोडा पुढे, बटर पेपर लावून ठेवा. शटरचा वेग 1/200 सेकंद, भिंगाचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ 8 ते 11, प्रकाशाची संवेदनशीलता (आयएसओ) 200 इथून सुरुवात करा आणि फोकस डोळ्यावर घ्या. काळ्या वाळूवर लोचचे रंग गडद खुलतात, पण पोट काळवंडतं; फिक्या वाळूवरून उजेड उसळून पोट उजळतं, मात्र मासा स्वतः फिका पडतो. मध्यम तपकिरी वाळू दोन्ही सांभाळते. मोबाइलवर प्रो मोडमध्ये शटर 1/100 ठेवा, म्हणजे एलईडीच्या लुकलुकीचे आडवे पट्टे बहुतेक वेळा जातात. तेवढ्या वेगात पळणारा मासा पुसट येतो, म्हणून तो खाताना टिपा.

एक फोटो मात्र दर महिन्याला, त्याच दगडाजवळ, त्याच अंतरावरून, बाजूने काढाच. पट्ट्यांवरून प्रत्येक मासा वेगळा ओळखता येतो. मागच्या महिन्याचा फोटो शेजारी ठेवा आणि डोक्यामागची पाठ बघा. पोटभर खाणाऱ्या माशाची पाठ सुरीच्या धारेसारखी निघाली असेल, तर आतड्यात जंत असण्याची शक्यता मोठी. दुकानातून जंत घेऊन येणारे लोच कमी नसतात, म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. जंतांवर लेव्हॅमिसॉल हे औषध लिटरमागे 2 मिलिग्रॅम घाला, दिवे बंद ठेवून. 24 तासांनी निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि तळ उपसा, म्हणजे पडलेले जंत पुन्हा खाल्ले जाणार नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी हाच डोस परत द्या आणि पुढच्या महिन्यात पाठीचा फोटो पुन्हा काढून बघा.